गेम सोडून दिलाय, एवढं तरी सांगावं ना? (आणि २१२ व्या टर्नवर अडकलेली आमची सेव्ह)

सुतगिरणी

नमस्कार. मी इचलकरंजीची. एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघते. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. प्रश्न दोनच आहेत, पण त्याआधी सगळं नीट सांगावं लागेल.

माझा धाकटा भाऊ २०२१ पासून जर्मनीत आहे. लहानपणी घरात एकच कॉम्प्युटर होता. त्यावर आम्ही दोघं मिळून एज ऑफ एम्पायर्स खेळायचो. माऊस त्याच्याकडे, कीबोर्ड माझ्याकडे. गावकरी जन्माला घालायचे मी आणि लढाया करायच्या त्याने, असं ठरलेलं असायचं. तो तिकडे गेल्यावर फोन व्हायचे, पण "जेवलास का", "थंडी किती आहे" इथेच संपायचे. पाच मिनिटांनंतर दोघंही गप्प. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेला त्याने मला एक स्ट्रॅटेजी गेम घ्यायला लावला. इतिहासावरचा, टर्नने, म्हणजे एकेका चालीने पुढे जाणारा. बंदरं, धान्याची कोठारं, तह, सैन्य, सगळं आहे त्यात. मूळ गेम १,४९९ रुपयांचा आणि सीझन पास १,२९९ चा. पासमध्ये चार विस्तार, म्हणजे गेमला पुढे जोडायचे नवे भाग, येणार असं स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमच्या स्टोअरच्या पानावर लिहिलेलं होतं.

नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की धागा त्या एका गेमच्या बाजूने आणि विरुद्ध जातो, असं इथे अनेकदा पाहिलंय.

गुरुवार आणि रविवार ठरले. माझं आवरून इथे साडेदहा वाजले की उन्हाळ्यात त्याच्याकडे सात वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. रात्रीत पाच-सहा टर्न व्हायच्या. एक टर्न संपवून कॉम्प्युटरच्या राज्यांच्या चाली होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट जातो ना, त्या वेळात आम्ही बोलायचो. त्याची नोकरी, माझ्या मुलीची दहावी, आईचा गुडघा. समोरासमोर बसून जे बोललो नसतो ते त्या दीड-दीड मिनिटांत बोललो.

मार्च २०२४ मध्ये आम्ही २१२ व्या टर्नवर होतो. त्याने एका घाटाखाली सैन्य आणून उभं केलं होतं, मी तीन बंदरांतून त्याला धान्य पोचवत होते. त्या आठवड्यात पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा अपडेट, आला. रविवारी सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडली, टर्न संपवली आणि खिडकी आली की दोन्ही खेळाडूंचा खेळ जुळत नाही, पुन्हा लोड करा. पुन्हा केलं. तेच. त्या रात्री अकरा वेळा केलं. त्यानंतर आजपर्यंत २१३ वी टर्न झालेली नाही.

बग रीतसर कळवला, सेव्ह जोडली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आम्ही बघतो आहोत, धन्यवाद." त्यानंतर काही नाही. खरंच काही नाही. दर शुक्रवारी डेव्हलपरची डायरी यायची, ती बंद. डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमच्या गप्पांच्या गटात, खेळाडूंना नावानिशी ओळखणारी एक मुलगी होती, तिने निरोप घेतला आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. घोषणांच्या चॅनेलवर आता त्याच स्टुडिओच्या नव्या गेमची चित्रं येतात. पुढे काय येणार याचा तक्ता स्टोअरच्या पानावर होता, तो काढून टाकला. चारपैकी दोन विस्तार आले. आणि सीझन पास? तो अजून विकायला आहे! "चार विस्तार" या शब्दांसकट. मागच्या आठवड्यात पाहिलं, ७५ टक्के सूट लावली होती.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एखाद्या गिरणीला चाळीस काउंटचं सूत बंद करायचं असलं तर ती महिनाभर आधी कळवते. तोटा होतो, चिडचिड होते, पण माणूस दुसरीकडे ऑर्डर लावतो. न सांगता माल बंद केला आणि आगाऊ पैसे घेत राहिली, तर त्या गिरणीशी पुन्हा कोणी व्यवहार करत नाही. गेम संपला याचा मला राग नाही. सगळं कधीतरी संपतं. सतरा महिने दर गुरुवारी भाऊ विचारतो, "ताई, पॅच आला का गं?" आणि मी स्टीम उघडून बघते, याचा राग आहे. कोणीतरी एक ओळ लिहिली असती तर आम्ही दुसरा गेम लावला असता.

तर प्रश्न. गेम सोडून दिलेला आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? आणि आमची २१२ ची सेव्ह कोणत्याही मार्गाने पुढे नेता येईल का? दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

दुपारचा_चहा

वाचताना अगदी आमच्या घरातलं वाटलं. माझा गेम वेगळा, शहर वसवण्याचा, पण गोष्ट हीच. त्या अनुभवानंतर मी एक नियम केला: आज डाउनलोड होईल तेवढ्याचेच पैसे द्यायचे. पुढे येणार असलेल्या गोष्टीला एक रुपया नाही. सेव्हबद्दल मला काही कळत नाही, पण इथे जाणकार आहेत. धागा वर ठेवते.

सह्यवारा

ताई, ओळखायचं कसं याबद्दल लिहितो. टोटल वॉर मालिकेतले आणि पॅराडॉक्स कंपनीचे स्ट्रॅटेजी गेम मी पंधरा वर्षं खेळतो आहे, त्यामुळे हे अनेकदा पाहिलंय.

पहिला धडा एम्पायर: टोटल वॉरचा. २००९ चा गेम. मराठे म्हणून खेळता येतं म्हणून आपल्याकडच्या कितीतरी जणांनी घेतला. मोहीम १७०० साली सुरू होते. प्रत्यक्ष इतिहासात त्याच वर्षी राजाराम महाराज गेले, सातारा औरंगजेबाच्या हाती पडला आणि ताराबाईंनी सूत्रं घेतली. त्या वर्षापासून दिल्लीकडे कूच करायची म्हणजे अंगावर काटा यायचा. पण गेम कच्चा होता. दोघांनी मिळून पूर्ण मोहीम खेळण्याची सोय येणार म्हणून सांगितली होती, ती एम्पायरमध्ये बीटाच्या, म्हणजे चाचणीच्या, पुढे गेलीच नाही. २०१० च्या सुरुवातीला त्याच मालिकेतला नेपोलियन आला आणि तिथे ती सोय मिळाली. एम्पायर पुढे जिवंत राहिला तो डार्थमॉडसारख्या मॉड्सवर, म्हणजे खेळाडूंनी स्वतः गेममध्ये केलेल्या बदलांवर.

मग २०१९. त्या वर्षी महिनाभराच्या अंतराने दोन मोठे गेम आले. २५ एप्रिलला पॅराडॉक्सचा इम्परेटर: रोम, २३ मेला टोटल वॉर: थ्री किंगडम्स. इम्परेटर पहिल्या दिवसापासून आपटला. तरी त्यांनी दोन वर्षं मेहनत करून फेब्रुवारी २०२१ मध्ये २.० आणला आणि तो खरोखर चांगला झाला. माझं मौर्य साम्राज्य त्याच आवृत्तीत गंधारच्या पलीकडे गेलं. पण काही आठवड्यांतच जाहीर केलं की काम थांबवतोय, माणसं दुसऱ्या प्रकल्पांवर जाणार. थ्री किंगडम्सचं उलटं. पहिल्या आठवड्यात दहा लाख प्रती गेल्या होत्या. तरीही २७ मे २०२१ ला सांगून टाकलं की हा शेवटचा पॅच, आता त्याच विषयावर नवा गेम. घोषणेच्या शीर्षकात "भविष्य" हा शब्द होता, त्यामुळे लोकांनी नव्या विस्ताराच्या आशेने उघडली. दोन महिन्यांपूर्वीच एक विस्तार विकला होता आणि बग तसेच होते. स्टीमवर वाईट अभिप्रायांचा पाऊस पडला.

यातून मला जे वाटतं ते कडू आहे. या दोघांनी निदान सांगितलं, आणि सांगितल्याबद्दल मार खाल्ला. जे न सांगता निघून जातात त्यांच्यावर असा पाऊस पडत नाही, कारण राग काढायला एक दिवसच नसतो. मी स्वतः त्या मेमध्ये चार ओळींचा जहरी अभिप्राय लिहिला होता. आता वाटतं, पास विकून गप्प बसलेल्यांसाठी तो राखून ठेवायला हवा होता.

आता खुणा. एक, छोटे पॅच थांबतात. मोठा विस्तार उशिरा येणं वेगळं; पण क्रॅश होतो, अक्षर चुकलंय, भाषांतर अर्धवट आहे, असल्या बारीक दुरुस्त्याही महिनोन्महिने आल्या नाहीत तर त्या गेमवर माणूस उरलेला नाही. दोन, स्टीमडीबीच्या संकेतस्थळावर गेमचं पान उघडा. स्टोअरच्या पानातला बदल आणि गेमच्या फायलींमधला बदल तिथे वेगवेगळे दिसतात. सूट लावली तरी "बदल" दिसतो, त्याने फसू नका. आतल्या चाचणीच्या शाखा, ज्यांना पासवर्ड असतो, त्यांची नावं आणि शेवटची तारीखसुद्धा दिसते. तिथे हालचाल असेल तर काम चालू आहे, भले ते बोलत नसोत. तिथेही वर्षभर शुकशुकाट असेल तर आशा सोडा. अर्ली ॲक्सेसमधल्या, म्हणजे अपूर्ण असतानाच विकायला ठेवलेल्या, गेमवर बराच काळ अपडेट नसेल, तर २०२५ पासून स्टीम स्वतःच पानावर तशी सूचना लावतं. पण तुमचा गेम "पूर्ण" म्हणून विकला असणार, त्याला ती लागू नाही.

प्यादं

मी जरा वेगळं बोलतो, ताई रागावू नका. २१२ टर्न म्हणजे किती तास झाले? शे-दीडशे तरी असतील. २,८०० रुपयांत दीडशे तास. मल्टिप्लेक्समध्ये चौघांचं पॉपकॉर्न धरून एक सिनेमा तेवढ्यात जातो. डेव्हलपरचीही पोटं आहेत. विक्री थांबली की पगार कुठून द्यायचा? आपण विकत घेतो तो त्या दिवशीचा गेम. पुढचे पॅच ही मेहेरबानी. जुन्या काळी सीडी आणली की संपलं, बगसकट खेळायचो.

सुतगिरणी

@प्यादं, रागावले नाही. तास १८३ झालेत. त्या १८३ तासांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, ते माझ्या आयुष्यातले चांगले तास आहेत.

पण दोन गोष्टी. सीडीवरचा बग पहिल्या दिवसापासून असायचा. आमची सेव्ह चालत होती, ती त्यांच्या पॅचने बंद पडली. माझी परवानगी न विचारता तो पॅच माझ्या कॉम्प्युटरवर आला. सीडी कोणी रात्रीत येऊन बदलून जात नव्हतं. आणि दुसरं, १,४९९ मूळ गेमचे होते, ते मी विसरायला तयार आहे. १,२९९ हे चार वस्तूंचे आगाऊ पैसे होते. दोन मिळाल्या. उरलेल्या दोन वस्तूंच्या पैशाला मेहेरबानी कसं म्हणायचं?

पगाराचं म्हणाल तर तुमचं म्हणणं मला पटतं. आमच्या गावात माग बंद पडले तेव्हा काय होतं हे मी घरात पाहिलंय. त्या डिस्कॉर्डवरच्या मुलीची नोकरी गेली असेल तर तिच्याबद्दल वाईटच वाटतं. म्हणून तर म्हणते, "पैसे संपले, थांबतोय" एवढं सांगा. मी त्यांना शिव्या देणाऱ्यांतली नाही.

@सह्यवारा, स्टीमडीबी बघितलं. आतल्या दोन शाखा आहेत. दोन्हींची शेवटची तारीख मे २०२४. उत्तर मिळालं. वाईट वाटलं, पण सतरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी कळलं.

बिनतारी

मी पुण्यात एका छोट्या गेम स्टुडिओत सहा वर्षं काम केलंय. आता दुसरं काम करतो. दोन्ही बाजू माहीत आहेत, म्हणून आधी गप्प का बसतात ते सांगतो, मग सेव्हकडे येतो.

"थांबलं" हा निर्णय बहुतेक वेळा एका दिवशी होतच नाही. आधी आठ जणांतले तिघं "दोन महिन्यांसाठी" दुसऱ्या प्रकल्पावर जातात. मग उरलेल्यांतला मुख्य प्रोग्रॅमर नोकरी सोडतो. त्याचा कोड समजणारं कोणी नसतं. वरचे म्हणतात नवा गेम सुटला की परत या. कोणीच "बंद" असं म्हणत नाही, त्यामुळे बाहेर सांगायला वाक्यच नसतं. शिवाय प्रकाशक वेगळा असेल तर स्टुडिओला परस्पर बोलायची मुभा नसते. आमच्या इथे मी स्वतः एका खेळाडूला "बघतो आहोत" असं उत्तर लिहिलं होतं. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. तीन आठवड्यांनी ते खरं राहिलं नाही, आणि मी परत जाऊन ते खोडलं नाही. ताईंचा धागा वाचून ते आठवलं आणि चैन पडेना.

आता तुमचा बग. बऱ्याच स्ट्रॅटेजी गेममध्ये दोन कॉम्प्युटर एकमेकांना पूर्ण नकाशा पाठवत नाहीत. हजारो सैनिक, शेकडो गावं, ते परवडत नाही. दोघंही तोच खेळ आपापल्या कॉम्प्युटरवर पूर्ण चालवतात आणि एकमेकांना फक्त हुकूम पाठवतात: "हे सैन्य तिकडे हलव." पहिला एज ऑफ एम्पायर्स २८.८ च्या मोडेमवर दीड हजार सैनिक नाचवू शकला तो याच युक्तीने. पण त्यासाठी दोन्हीकडचं गणित शेवटच्या आकड्यापर्यंत तेच यावं लागतं. एका गावाचं धान्य तुमच्याकडे ४०.१ आणि भावाकडे ४०.२ झालं की पुढच्या टर्नला कॉम्प्युटरचा राजा तुमच्याकडे तह करतो आणि तिकडे हल्ला. गेम दर टर्नच्या शेवटी दोन्हीकडची बेरीज ताडून बघतो. जुळली नाही की ती खिडकी येते.

तुमच्याकडे पॅचनंतर नेमकं काय बिघडलं हे कोड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण दर वेळी पहिल्याच टर्नला तुटतंय याचा अर्थ गोष्ट नशिबाची नाही. नव्या कोडला जुन्या सेव्हमधलं काहीतरी दोन्हीकडे वेगळं वाचायला मिळतंय. त्यामुळे नव्या पॅचवर हजार वेळा लोड केलं तरी उपयोग नाही. मागे जा.

स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग बीटाज. तिथल्या यादीत जुनी आवृत्ती ठेवलेली असेल तर ती दोघांनीही निवडा. बऱ्याच स्ट्रॅटेजी गेमवाल्यांनी ती सोय ठेवलेली असते. यादी रिकामी असेल तरी हात टेकू नका, स्टीमच्या कन्सोलमधून जुन्या फायली उतरवता येतात, त्याची कमांड खाजगी निरोपात पाठवतो. मॉड सगळे काढा. दिसण्यातला फरक करणारेसुद्धा. जुनी आवृत्ती उतरली की तो पूर्ण फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, नाहीतर स्टीम परत अपडेट करेल.

अडचण एकच. पॅचनंतर त्या सेव्हवर पुन्हा सेव्ह झाली असेल तर जुनी आवृत्ती ती उघडणार नाही. ऑटोसेव्ह चालू होतं का? पॅचच्या आधीची, हाताने केलेली एखादी सेव्ह दोघांपैकी कोणाकडे आहे का?

कोर्टाची_पायरी

पैशांच्या बाजूने थोडं. मी वकील आहे, पण हा सल्ला म्हणून नाही, माहिती म्हणून घ्या.

सगळ्यात आधी आजच्या आज स्टोअरच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा. तारखेसकट, "चार विस्तार" हे शब्द दिसतील असा. पानं बदलतात. सोबत खरेदीची मेल ठेवा.

स्टीमवर चौदा दिवस आणि दोन तासांचा परताव्याचा नियम तुमच्या उपयोगाचा नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी सीझन पासबद्दल डेव्हलपरांसाठी नियम जाहीर केले. पासमध्ये काय येणार आणि कधी येणार हे लिहायला हवं, तारीख एकदाच आणि जास्तीत जास्त तीन महिने पुढे नेता येते, एखादा विस्तार रद्द केला तर त्याच्या किमतीइतका परतावा खेळाडूंना द्यावा लागतो. तुमचा पास त्याआधीचा आहे, तेव्हा आपोआप काही होईल असं समजू नका. पण तो पास आजही विकला जातोय, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. मदतकेंद्राला लिहिताना रागाचा एक शब्दही नको. चार म्हटलं होतं, दोन आले, शेवटचा पॅच या तारखेला, पास अजून विक्रीला. बस.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. परदेशातल्या स्टुडिओपर्यंत आदेश पोचवणं कठीण असतं, हे लपवत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. लहान रकमेच्या तक्रारी कोणी करतच नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

झिरोअवर

कोणी मूळ कोडबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. आमची सगळी दुनिया म्हणजे कॉलेजसमोरचा सायबर कॅफे आणि जनरल्स: झिरो अवर हा लढाईचा गेम. तासाला पंधरा रुपये, चार जण लॅनवर, हरला त्याने चहा द्यायचा. २०१४ मध्ये खेळाडूंना ऑनलाइन जोडणाऱ्या गेमस्पायचे सर्व्हर बंद झाले तेव्हा त्या काळच्या कितीतरी गेम्सचं ऑनलाइन एका झटक्यात गेलं, झिरो अवरचंही. मग खेळाडूंनी स्वतःचा सर्व्हर उभा केला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईए या कंपनीने जनरल्स आणि झिरो अवरचा मूळ कोडच जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. बावीस वर्षं जुन्या गेमच्या चुका आता खेळाडू स्वतः दुरुस्त करताहेत. वॉरझोन २१०० चंही तसंच. १९९९ चा गेम, २००४ च्या अखेरीस कोड खुला झाला, आजही नवी आवृत्ती येते आणि फुकट आहे. एज ऑफ एम्पायर्स २ घ्या. मूळ स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी केलेला मॉड २०१३ मध्ये अधिकृत विस्तार झाला, आणि २०२२ मध्ये त्याच गेममध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले.

कंपनीला गेम नको असेल तर चावी खेळाडूंकडे द्यावी, एवढंच माझं मागणं. त्यांना खर्च नाही, आणि ताईंची सेव्ह एखाद्या पोराने रात्रीत चालू केली असती.

सह्यवारा

@झिरोअवर, खर्च अगदीच नाही असं नाही. कोडमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, ते काढावे लागतात. पण मागणं शंभर टक्के मान्य. इम्परेटरचं एक सांगायचं राहिलं. काम थांबल्यावर खेळाडूंनी इन्व्हिक्टस नावाचा मॉड इतका वाढवला की लोक परत आले, आणि २०२४ मध्ये कंपनीने चक्क नवा पॅच दिला. तीन वर्षांनी! तो शक्य झाला कारण त्यांनी मॉडचे दरवाजे उघडे ठेवले होते.

सुतगिरणी

उशीर झाला, माफ करा. आठवडाभर यातच होते.

@बिनतारी, तुम्ही जे खोडलं नाही म्हणून लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. त्या उत्तरामागे असा एखादा माणूस असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याने "बघतो आहोत" लिहिलं त्याच्यावरचा माझा राग गेला. पास अजून विकणाऱ्यांवरचा आहे, तो राहील.

बीटाजमध्ये जुनी आवृत्ती होती! सतरा महिने तिथेच होती आणि मला माहीत नव्हतं. पण माझी सेव्ह गेलेली. त्या अकरा प्रयत्नांत ऑटोसेव्हने जुनी पुसून टाकली होती. भावाला विचारलं तर म्हणाला माझीही तशीच. मग शुक्रवारी रात्री अडीचला त्याचा मेसेज. त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, जो तो फेकणार होता, हाताने केलेली एक सेव्ह सापडली. नाव काय दिलं होतं तर "२१२ ताई धान्य पाठव".

काल रविवारी साडेदहाला दोघांनी मॉड काढले, जुनी आवृत्ती लावली, सेव्ह उघडली. टर्न संपवायचं बटण त्याने माझ्यावर सोडलं. दाबलं आणि दोघंही गप्प. तो दीड मिनिट आम्ही पहिल्यांदाच काही बोललो नाही. खिडकी आली नाही. वर २१३ आलं. त्याचं सैन्य घाटाखाली होतं तसंच उभं होतं आणि माझी धान्याची तिन्ही जहाजं वाटेवर होती.

@कोर्टाची_पायरी, स्क्रीनशॉट काढले, मदतकेंद्राला तुम्ही म्हणालात तसं चार ओळींत लिहिलं, १९१५ वरही नोंद केली. काय होईल ते इथेच कळवेन. स्टीमवर अभिप्रायही लिहिला: गेम चांगला आहे, शेवटचा पॅच मार्च २०२४ चा, सीझन पास घेऊ नका, दोघांनी खेळायचं असेल तर बीटाजमधून जुनी आवृत्ती लावा.

आता जुन्या आवृत्तीचा एक जुना त्रास परत आलाय. सामुद्रधुनीत दोन ताफे समोरासमोर आले की दोन्ही अडकून बसतात. शेवटच्या पॅचने नेमकं तेच दुरुस्त केलं होतं. सध्या मी जहाजं लांबच्या वाटेने फिरवते आहे, पण त्यात सहा टर्न जातात आणि तोवर त्याचं सैन्य उपाशी राहतं. @बिनतारी, यावर काही करता येईल का? गुरुवारी रात्री बसणार आहोत.